लाल खुणेचे 80 टक्के

मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांचा मुलगा मोबाईल घेऊन आला. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. कॉलेजच्या नव्या संगणक प्रणालीनं त्याच्या नावापुढे लाल खूण केली होती: गणितात नापास होण्याचा धोका, प्रणालीची अचूकता 80 टक्के. "सर, माझी तं एम-वनची बॅक लागलीच न," तो म्हणाला. एम-वन म्हणजे गणिताचा पहिला पेपर, बॅक म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय. विंटर परीक्षेला अजून दोन महिने होते.

हे 80 टक्के कशाचे, ते आधी पाहू. समजा वर्गात 200 मुलं आहेत आणि त्यांतली 20 नापास होणार आहेत. हजेरी, चाचण्या, बारावीचे गुण पाहून प्रणाली त्या 20 पैकी 80 टक्के, म्हणजे 16 जणांना हेरते. पास होणाऱ्या 180 पैकीही ती 80 टक्क्यांनाच बरोबर ओळखते. 36 जणांना उगाच लाल खूण मिळते. एकूण लाल 52, त्यांत खरे 16. म्हणजे लाल खूणवाल्याचा धोका 80 नव्हे, जेमतेम 31 टक्के! नापास होणाऱ्याला लाल खूण मिळणं आणि लाल खूणवाल्यानं नापास होणं या दोन वेगळ्या शक्यता आहेत. इंग्रज गणिती थॉमस बेझचा यावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, 1763 साली छापला गेला, आणि मला तो हिशेब आजही अतिशय देखणा वाटतो. मुळात नापास-पासचं प्रमाण 1:9. लाल खूण नापासांत 80 टक्के, पासांत 20 टक्के, म्हणून पुराव्याचं वजन 80 भागिले 20, म्हणजे 4. गुणाकार करा: 4:9, म्हणजे 13 पैकी 4, तेच 31 टक्के. पुढच्या चाचणीच्या गुणांचं वजन 3 निघालं तर 12:9, म्हणजे 57 टक्के. मात्र दोन्ही पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. हजेरी कमी म्हणूनच गुण कमी असतील, तर एकच पुरावा आपण दोनदा मोजतो.

31 टक्के म्हणजे सरासरीच्या तिप्पट धोका. दुर्लक्ष करण्याजोगा नाहीच. पण हे भविष्य नव्हे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी दुकानं आपल्याकडे जोरात चालतात. त्यांना काडीचाही वैज्ञानिक आधार नाही. गणितानं काढलेली शक्यताही पालक त्याच श्रद्धेनं ऐकू लागले तर पोराचं नुकसानच.

शिवाय लाल खूण धोका दाखवते, कारण सांगत नाही. मी त्याची वही मागितली. कॅल्क्युलसमधल्या पार्शल डेरिव्हेटिव्हची तीन गणितं चुकलेली होती. तिन्हीत त्यानं x² + y² चं वर्गमूळ x + y लिहिलं होतं. कॅल्क्युलस त्याला येत होतं, घोटाळा नववी-दहावीच्या बीजगणितात होता. कोणती पायरी किती जणांची चुकते, ही नोंद कॉलेजांनी ठेवावी. हजेरीच्या आलेखापेक्षा शिक्षकाला ती शंभरपट उपयोगाची.

"3 आणि 4 घालून बघ," मी म्हटलं.

"25 चं वर्गमूळ... 5," तो म्हणाला. "अन् मी 7 लिहून राहिलो होतो." मग त्यानं पेन मागितला.