पीपीटीतला आवाज कुठे राहतो? १०० केबीची पार्श्वभूमी

बाहेरून आलेली पीपीटी (पॉवरपॉइंटचं सादरीकरण) उघडली, स्लाइडवर स्पीकरचं चिन्ह आहे, पण क्लिक केलं तरी ढिम्म. मग ड्रायव्हर बघा, स्पीकरची वायर हलवा, असं सुरू होतं. फाइल २०१० च्या आधीची असेल, तर आवाज त्या फाइलमध्ये मुळात आलेलाच नाही, ही शक्यता आधी धरावी.

पॉवरपॉइंट २००३ आणि २००७ मध्ये फक्त वेव्ह (.wav) प्रकारची ध्वनिफाइल सादरीकरणाच्या पोटात बसत असे, आणि तीही ठरावीक आकारापर्यंतच. मूळ सेटिंग १०० केबीचं. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज (४४,१०० हर्ट्झ, १६ बिट) सेकंदाला १,७६,४०० बाइट खातो. म्हणजे १०० केबीत जेमतेम अर्धा सेकंद मावतो. टाळीचा किंवा कॅमेऱ्याचा ‘खटॅक’ आत जाई, निवेदन बाहेर राही. २००३ मध्ये टूल्स, ऑप्शन्स, जनरल इथे ही मर्यादा ५०,००० केबीपर्यंत वाढवता येई, तेव्हा कुठे पावणेपाच मिनिटांचा वेव्ह आत मावे. पण हे सेटिंग आवाज घालण्याआधी बदलावं लागे. आधी घातलेल्या आवाजावर त्याचा काही परिणाम होत नसे.

एमपी३ कितीही लहान असली तरी तिचा फक्त पत्ताच नोंदला जाई: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर. पेनड्राइव्हवर एकटी पीपीटी आली की तो पत्ता कुचकामी. म्हणूनच २००३ मध्ये ‘पॅकेज फॉर सीडी’ची सोय होती, त्यातून जोडलेल्या फाइलीही सोबत कॉपी होत. ती वापरायची आठवण किती जणांना राहिली, हा भाग वेगळा. काही हुशार मंडळी एमपी३ ला वेव्हचं हेडर (फाइलचा प्रकार सांगणारा सुरुवातीचा भाग) चिकटवत. पॉवरपॉइंट फसे आणि लहान आकाराची फाइल आत घेई.

दुसरं कारण वाजवणाऱ्या यंत्रणेत होतं. जुनं पॉवरपॉइंट आवाजासाठी विंडोजच्या एमसीआय या जुन्या व्यवस्थेवर अवलंबून होतं, विंडोज मीडिया प्लेअरवर नव्हे. त्यामुळे प्लेअरमध्ये खणखणीत वाजणारी फाइल स्लाइडवर गप्प बसे. एक्सपीवर याची परीक्षा सोपी होती: स्टार्ट मेनूतल्या रनमध्ये एमप्ले३२ (mplay32) टाइप करून, म्हणजे विंडोजचा जुना प्लेअर उघडून, ती फाइल तिथे वाजवायची. तिथे वाजली नाही, तर पॉवरपॉइंटमध्येही वाजणार नाही. शिवाय वेव्ह हा नुसता डबा आहे. आतला कोडेक (आवाज साठवण्याची आणि उलगडण्याची पद्धत) वेगळा असेल, तर नाव वेव्ह असूनही फाइल अडते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून १६ बिट पीसीएम (न दाबलेला, साधा) वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट केली की हा घोळ मिटतो.

२००७ मध्ये पीपीटीएक्स आलं. ही आतून झिप फाइल असल्यामुळे तपासणी सोपी झाली. फाइलची प्रत काढा, शेवटचं पीपीटीएक्स बदलून झिप करा आणि पीपीटी फोल्डरातलं मीडिया फोल्डर उघडा. तिथे ध्वनिफाइल नसेल, तर स्लाइड्समधल्या रेल्स (_rels) फोल्डरातली त्या स्लाइडची फाइल नोटपॅडमध्ये पाहा. ‘टार्गेटमोड’ (TargetMode) पुढे ‘एक्स्टर्नल’ (External) दिसलं की आवाज बाहेर आहे हे पक्कं. मूळ पत्ताही तिथेच सापडतो. एक सावधगिरी: फाइलच्या नावातला स्लाइड ५ म्हणजे पडद्यावरची पाचवी स्लाइड असेलच असं नाही. स्लाइडा पुढेमागे केल्या तरी आतली नावं तीच राहू शकतात. जुनी पीपीटी मात्र झिप नसते, ती आधी पीपीटीएक्स म्हणून सेव्ह करावी लागते.

२०१० पासून आवाज आपोआप आत जातो; ‘लिंक टू फाइल’ निवडलं तरच बाहेर राहतो. जुनी फाइल दुरुस्त करायची तर फाइल, इन्फो, कन्व्हर्ट करा. मग पाठवणाऱ्याकडून मूळ ध्वनिफाइल मागवा, ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’मध्ये चेंज सोर्सने तिचा नवा पत्ता द्या आणि शेवटी ब्रेक लिंक करा. नाव उलट वाटलं तरी याच बटणाने माध्यम फाइलमध्ये सामावलं जातं. कन्व्हर्ट केल्याने हरवलेला आवाज परत येत नाही. मूळ फाइलच नसेल तर इलाज नाही.

२०१३ पासून मायक्रोसॉफ्टने एएसी कोडेकच्या एम४ए फाइलची शिफारस केली. तीच फाइल लिनक्सवर लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये गप्प राहिली, तर आधी जीस्ट्रीमर या आवाज-व्हिडिओ वाजवणाऱ्या यंत्रणेचे कोडेक बसवले आहेत का ते पाहावं. तिथे आवाज असतो फाइलमध्येच, फक्त तो उलगडणारं कोणी नसतं.