रुदनित्स्की आणि त्यांची 10 टक्क्यांची अट

कॅनडाच्या मल्टिकल्चरल (अनेक संस्कृतींना मान देणाऱ्या) धोरणाचं श्रेय लोक थेट तेव्हाचे पंतप्रधान पियेर ट्रुडो यांना देऊन मोकळे होतात, पण त्याआधी विनिपेगच्या एका युक्रेनियन प्रोफेसरने काय मांडलं होतं ते फारसं कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

यारोस्लाव रुदनित्स्की 1910 मध्ये प्शेमिशलला जन्मले, तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आता पोलंडमध्ये आहे. ल्विव्हला शिकून 1937 ला डॉक्टरेट, मग युद्ध, प्राग, जर्मनी, आणि 1949 ला कॅनडा. मॅनिटोबा युनिव्हर्सिटीत त्यांनी स्लाव्हिक स्टडीज (युक्रेनियन, पोलिश, रशियन अशा स्लाव्हिक भाषांचा) विभाग उभा केला आणि 1976 पर्यंत तोच सांभाळला. युक्रेनियन भाषेचा व्युत्पत्तिकोश, म्हणजे शब्द कुठून आले ते सांगणारा कोश, 1962 पासून 20 वर्षं सुट्या भागांत काढत राहिले, 22 भाग! शिवाय कॅनडातल्या युक्रेनियन लोकांची लोकगीतं, गोष्टी, त्यांची बोलीसुद्धा गोळा केली. त्या बोलीत कारला 'कारा' आणि स्टोअरला 'श्तोर' म्हणतात. शुद्ध भाषेचा आग्रह धरणारा माणूस असल्या शब्दांना नाकं मुरडेल, यांनी मात्र ते अभ्यासाचा विषय मानले आणि मला त्यांचं हेच सगळ्यात आवडतं.

पण युक्रेनियन भाषेचं मूळ दुखणं त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधीचं होतं. शाळांवरून केंद्र सरकार आणि मॅनिटोबा प्रांत यांच्यात झालेल्या तडजोडीनंतर 1897 ला तिथे असा नियम झाला की शाळेत 10 मुलं इंग्रजीखेरीज फ्रेंच किंवा दुसरी कुठलीही भाषा घरी बोलणारी असली तर त्या भाषेत आणि इंग्रजीत, दोन्हीत शिकवायचं. त्या आधारावर युक्रेनियन शाळा निघाल्या, त्यांच्या शिक्षकांसाठी 1905 ला ट्रेनिंग स्कूलही निघालं. मग पहिलं महायुद्ध आलं, ऑस्ट्रियाचे नागरिक म्हणून हजारो युक्रेनियन 'शत्रू' ठरून छावण्यांत गेले, आणि 1916 मध्ये प्रांताने दोन भाषांतल्या शाळाच बंद करून टाकल्या. एका कायद्यात सगळं संपलं.

1963 ला पंतप्रधान पिअर्सननी द्विभाषा आणि द्विसंस्कृती आयोग नेमला, त्यात रुदनित्स्की सदस्य. नावातच 'द्वि' असल्यामुळे इंग्रज आणि फ्रेंच सोडून बाकीच्यांनी जायचं कुठे हा प्रश्न होताच. 1967 ला पहिला खंड आला तेव्हा त्यांनी आपलं वेगळं निवेदन जोडलं: इंग्रजी-फ्रेंच अधिकृत राहू देत, पण ज्या भागात 10 टक्के किंवा जास्त लोक तिसरी भाषा बोलतात तिथे तिला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता द्या. त्यात युक्रेनियन, जर्मन, इटालियन होत्या आणि उत्तरेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषाही, म्हणजे फक्त आपल्या लोकांपुरतं मागितलं नव्हतं. टक्क्यांच्या अशा आकड्यावर काय काय अवलंबून असतं हे बेळगावच्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मागणी मान्य झाली नाही, अधिकृत भाषांचा 1969 चा कायदा दोनच भाषांचा झाला. पण आयोगाचा चौथा खंड इतर समाजांवरच होता, त्याला उत्तर म्हणून 8 ऑक्टोबर 1971 ला ट्रुडोंनी संसदेत नवं धोरण जाहीर केलं: भाषा दोन, पण अधिकृत संस्कृती एकही नाही. रुदनित्स्कींच्या मागणीतला तिसऱ्या भाषांचा भाग तसाच राहिला. तो थोडाफार भरून काढला प्रांतांनी, एडमंटनला 1974 मध्ये इंग्रजी-युक्रेनियन वर्ग सुरू झाले आणि मॅनिटोबात 1979 मध्ये, म्हणजे शाळा बंद केल्यानंतर 63 वर्षांनी. रुदनित्स्की तोवर रिटायर होऊन माँट्रियलला गेले होते आणि कोशाचे भाग अजून निघतच होते.