अटकेचे कारण: सोलापुरातून दिसणारा इतिहास

सोलापूरच्या सेटलमेंटला, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवायच्या वसाहतीला, एकेकाळी तारेचे कुंपण होते. 1871चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला आणि 1911च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी अशा जमातींतली कुटुंबे या कुंपणाआड आणून वसवली गेली. ठरल्या वेळी हजेरी, आणि बाहेर जायचे तर पास. कोणी काय केले, हे कोणी विचारतच नव्हते. त्या घरात जन्म झाला, एवढे पुरे होते. माणसाला धरताना पोलिसाने कारण सांगितले पाहिजे, या हक्काचे मोल इथून पाहिले की कळते.

मे 1930 मध्ये उरलेल्या शहरानेही अशा मनमानीची झळ सोसली. गांधीजींच्या अटकेनंतर लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, 12 मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला गेला. गांधी टोपी घालणाऱ्यालाही लष्कर सोडत नव्हते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिले.

राज्यघटनेचे कलम 22 या सगळ्यानंतरचे आहे. अटकेचे कारण सांगायचे, वकील नेमू द्यायचा, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करायचे. गुन्हेगार जमाती कायदाही 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर रद्द झाला. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात 1959 मध्ये. कुंपण गेले, चोरी झाली की आधी त्याच वस्तीतली पोरे उचलायची, ही सवय राहिली. ती आजही पुरती सुटलेली नाही, आणि मला हा या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा भाग वाटतो.

दुसरी पळवाट म्हणजे ‘नुसते चौकशीला बसवून ठेवलेय’. डायरीत अटकेची नोंद उद्या करायची आणि 24 तास तिथून मोजायचे. मुंबई उच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगितले की माणसाच्या हालचालीवर बंधन आले तिथेच अटक झाली. अधिकारी कागदावर काय लिहितो यावर ते ठरत नाही. ठाण्याबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना हे कोणी सांगत नाही.

कोठडीतले बाकीचे हक्क एकेका माणसाच्या यातनेतून आले. 1972 मध्ये विदर्भात एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्याच वर्षी मुंबईच्या लॉकअपमधल्या स्त्रियांच्या हालांवर शीला बारसे यांच्या याचिकेत निकाल आला: स्त्रियांसाठी वेगळे लॉकअप, महिला पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी, आणि ‘मारहाण झाली का’ हे प्रत्येक आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः विचारायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 1996च्या डी. के. बसू निकालाने 11 नियम घालून दिले. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटकेचा कागद, नातेवाइकाला खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी.

त्याच न्यायालयाच्या 2014च्या अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत आपोआप अटक करण्याला चाप लावला. आधी नोटीस द्यायची, अटक गरजेची का हे लिहायचे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम 35 मध्ये आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की विमुक्त जमातींच्या, म्हणजे पूर्वी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या, लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेश कुमारचे नियम पाळा. सेटलमेंटपासून इथवर यायला शतक लागले.

सोलापूरला सर्वांत जवळचा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, नोव्हेंबर 2025चा, मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी हवीत, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत. तातडीच्या प्रसंगी आधी तोंडी सांगता येईल, पण रिमांडसाठी, म्हणजे पुढची कोठडी मागण्यासाठी, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. विडी वळणाऱ्या बाईला न वाचता येणाऱ्या मराठीत टाइप केलेला कागद देऊन आता भागणार नाही. तो दिला नसेल तर वकिलाने रिमांडच्या सुनावणीतच सांगायचे, कारण त्यावर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मागता येतो, तोही कोठडीत असतानाच.