दोषदायित्व (इमारत बांधकाम)

सदनिकेचा ताबा दिल्यानंतर बांधकामात आढळलेले दोष स्वखर्चाने दूर करण्याची प्रवर्तकाची, म्हणजे बोलीभाषेत बिल्डरची, कायदेशीर जबाबदारी. तिचा मुख्य आधार स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ (रेरा) याचे कलम १४(३) हा आहे. संरचनेतील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सेवासुविधांतील दोष ताब्यापासून ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणून दिला, तर प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तसे न झाल्यास खरेदीदार भरपाईस पात्र ठरतो. महाराष्ट्रात त्याआधी मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या १९६३च्या मोफा कायद्याखाली ही मुदत ३ वर्षे होती.

ही ५ वर्षे दोष कळवण्यासाठी आहेत. त्यामुळे ताबापत्राची तारीख आणि पहिल्या लेखी पत्राची पोच हे दोन कागद बहुतेक प्रकरणांचा कणा ठरतात. पावसाळ्यात गच्चीतून गळती सुरू होते, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरतात, बिल्डरचा माणूस येऊन डांबराचा हात मारून जातो, आणि रजिस्टर्ड पोस्टाने पत्र मात्र कुणीच पाठवत नाही. वकिलाकडे येणारी फाइल बरेचदा अशीच असते.

बचावाचे मुद्दे ठरलेले असतात: ही नेहमीची झीज आहे, सोसायटीने देखभाल केली नाही, रहिवाशाने बाथरूम फोडून टाइल बदलल्या आणि वॉटरप्रूफिंग त्यातच गेले. शेवटचा मुद्दा काही वेळा खराही असतो. म्हणूनच युक्तिवादापेक्षा स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल निर्णायक ठरतो. भेग फक्त प्लास्टरची आहे की बीममधली, ओल वरच्या मजल्यावरून येते की बाहेरच्या भिंतीतून, हे त्यात नेमके यावे लागते. रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या पृष्ठभागाची कठिणता मोजणारे उपकरण), अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची) चाचणी किंवा काँक्रीटचा कोअर, म्हणजे नळकांड्याच्या आकाराचा नमुना, काढून केलेली तपासणी यांना नुसत्या छायाचित्रांपेक्षा जास्त वजन असते.

तक्रार रेराच्या कलम ३१ खाली होते. ती एकटा खरेदीदार करू शकतो, तशीच खरेदीदारांची संघटनाही करू शकते. गच्ची, लिफ्ट, बेसमेंट अशा सामाईक भागांसाठी संघटनेनेच पुढे येणे सोयीचे. वकील सक्तीचा नाही. कलम ५६नुसार पक्षकार स्वतः उभा राहू शकतो किंवा वकील, सनदी लेखापाल, कंपनी सचिव अथवा परिव्यय लेखापाल (कॉस्ट अकाउंटंट) यांना नेमू शकतो. ताबा लांबल्याच्या व्याजाचा हिशेब लेखापाल उत्तम मांडेल. दोषाच्या दाव्यात मात्र समोरच्या तज्ज्ञाचा अहवाल उलगडून दाखवणारा अनुभवी वकील उपयोगी पडतो.

दाद कुठे मागायची, यात अनेकांची गफलत होते. दुरुस्तीचा आदेश रेराखालचे प्राधिकरण (महाराष्ट्रात महारेरा) देते. भरपाईची रक्कम मात्र कलम ७१ खालील न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात (२०२१) पक्की केली. एकाच अर्जात दोन्ही मागितल्यास भरपाईचा भाग अधिकाऱ्याकडे स्वतंत्रपणे न्यावा लागतो. दिवाणी न्यायालयाची वाट कलम ७९ने बंद आहे, पण ग्राहक आयोगाची उघडी आहे. इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने ती निवड खरेदीदारावर सोडली. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारणपणे कारण घडल्यापासून २ वर्षे असते, हे विसरून चालत नाही.

प्रवर्तक आणि कंत्राटदार यांच्यातला वाद वेगळा. तो त्यांच्या करारातील लवादाच्या कलमानुसार चालतो. खरेदीदाराने त्याच्या निकालासाठी थांबण्याचे कारण नाही.

प्रवर्तकाला अपील करायचे असेल, तर खरेदीदाराला देय ठरलेली रक्कम आधी अपिलीय न्यायाधिकरणात भरावी लागते. नुसत्या दंडाच्या आदेशाविरुद्ध दंडाची किमान ३० टक्के रक्कम भरावी लागते. रक्कम दिलीच नाही, तर कलम ४० खाली ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. महाराष्ट्रात वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे प्रवर्तकाच्या नावावरची मालमत्ता शोधून दाखवण्याचे काम बहुधा तक्रारदारालाच करावे लागते.