जाळीतली वाळू : गॅसबत्त्यांची पार्श्वभूमी

जुन्या गॅसबत्त्या जमवणारे आधी टाकी पाहतात. पितळेवर 'पेट्रोमॅक्स' उठवलेलं आहे का, शिक्का जर्मनीचा आहे का, निकेलचा मुलामा शाबूत आहे की दुकानदाराने चकाकीसाठी घासून काढलाय, यावर भाव ठरतो. मेंटलकडे, म्हणजे ज्योतीवर तापून उजेड देणाऱ्या जाळीकडे, कुणी वळून पाहत नाही, कारण ते जळून फेकून द्यायचंच असतं. पण या दिव्याशी आपल्या देशाचं सगळ्यात जवळचं नातं आहे ते त्या जाळीतूनच.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते ऑक्टोबर 1865 मध्ये. तो गॅस दगडी कोळशाचा, लालबागच्या कारखान्यातला, आणि ज्योत उघडी. मेंटलचं पेटंट एका ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने 1885 साली घेतलं, पण त्या पहिल्या जाळीचा उजेड हिरवट होता. 1891 मध्ये त्यानेच 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण बसवलं आणि पांढरा, लख्ख उजेड मिळाला. पंपाने दाब देऊन रॉकेलची वाफ करायची आणि तिच्यावर हेच मेंटल तापवायचं, ही युक्ती त्यानंतरची. आधी किटसन नावाची बत्ती आली, 1910 च्या सुमारास बर्लिनचा पेट्रोमॅक्स. म्हणून जुन्या कागदपत्रांत नुसतं 'गॅसचे दिवे' वाचलं तर साल पाहावं आणि जागा पाहावी. रस्त्यावरचा खांब असेल तर कोळशाचा गॅस, लग्नाचा मांडव असेल तर बहुधा रॉकेल.

थोरियम येतं मोनाझाइट नावाच्या वाळूतून. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर ती 1909 साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेस पडली आणि वाळू बोटीने युरोपला जाऊ लागली. पुढची कित्येक वर्षं व्यवहार एकाच दिशेचा होता. वाळू आपली, मेंटल त्यांचं. आपल्याच किनाऱ्यावरचा माल पाकिटात बंद होऊन आपल्यालाच विकत मिळत होता.

ही साखळी तुटली ती अणुशक्तीमुळे. थोरियमपासून पुढेमागे अणुइंधन करता येईल हे ध्यानात आल्यावर 1946 मध्ये मोनाझाइटच्या निर्यातीवर बंदी आली. निर्णय वादाचा ठरला. त्रावणकोर संस्थानाला वाळू विकायची होती आणि 1947 मध्ये त्याने ब्रिटनशी तसा करारही केला. स्वातंत्र्यानंतर दिल्लीने बंदी टिकवली. 1951 साली देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेकडून कर्जाने गहू घ्यायचा होता आणि तिथल्या संसदेत त्या बदल्यात मोनाझाइट मिळावं असा आग्रह झाला. तरी बंदी उठली नाही. 1953 मध्ये थोडंसं थोरियम नायट्रेट चीनला विकलं गेलं, त्यावरून पुन्हा अमेरिकेशी खडाजंगी. मेंटलचं कापड बुडवून काढतात ते हेच मीठ, म्हणजे थोरियमचा क्षार. टीकाकार म्हणत, भुकेच्या दिवसांत वाळू अडवून काय मिळवणार? माझ्या मते निर्णय बरोबर होता, आणि त्याचा पुरावा मुंबईतच आहे. 1952 च्या अखेरीस केरळात अलवायेला मोनाझाइटवर प्रक्रिया सुरू झाली, 1955 मध्ये ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना उभा राहिला. तिथलं थोरियम नायट्रेट देशातल्या मेंटल बनवणाऱ्यांकडे जाऊ लागलं. आता वाळूही आपली आणि मीठही आपलं.

त्याच काळात शहरात या बत्त्या रोजच्या झाल्या होत्या. वरातीत डोक्यावर, विसर्जनाच्या मिरवणुकीत, रात्रीच्या हातगाडीवर, भजनाला. भाड्याने देणारे होते, नुसत्या दुरुस्तीवर पोट भरणारे होते. वीज आणि जनरेटर सगळीकडे पोचले तसा तो धंदा आटला आणि बत्त्या चोर बाजारात आल्या.

अलीकडे परदेशातल्या कंपन्यांनी थोरियम सोडून यिट्रियम या दुसऱ्या धातूची मेंटलं काढली, कारण थोरियम किरणोत्सारी आहे, यिट्रियम नाही. जमवणाऱ्यांमध्ये आता यावर मतभेद आहेत. जुन्या बत्तीला नवी जाळी लावली तर ती सुरक्षित राहते, पण तिचा मूळचा उजेड जातो. धोका खरा आहे, मात्र तो मुख्यतः मोडलेल्या जाळीच्या भुकटीचा. ती श्वासातून आत जाता कामा नये. म्हणून पेटवायला यिट्रियमचं मेंटल घ्यावं, आणि जुनी न जळलेली थोरियमची पाकिटं फोडू नयेत, फेकू नयेत. लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी बंद डब्यात ठेवावीत. पाकिटावरचा पत्ता, किंमत आणि कँडल पॉवरचा, म्हणजे उजेडाच्या तीव्रतेचा, आकडा उतरवून घ्यावा. टाकीवरून बत्ती कुठे बनली ते कळतं, पण मुंबईत ती कोणत्या काळात जळत होती याचा माग पाकिटावरून लागण्याची शक्यता जास्त. छपाई पुसली असेल तर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, जवळ धरावा. थोरियमची जाळी असेल तर तो लगेच टिकटिकतो.