या हाताचं त्या हाताला

चार्ल्स बेल या स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञाच्या १८३३ सालच्या हाताविषयीच्या पुस्तकात एका बाळंतिणीची हकिगत आहे. लकव्यात तिच्या एका बाजूची ताकद गेली आणि दुसऱ्या बाजूची जाणीव. म्हणजे ज्या हातात जोर शिल्लक होता, त्या हाताला काही कळेना. त्याच हातानं ती बाळाला छातीशी धरायची. नजर बाळावर असेपर्यंत सगळं ठीक. लक्ष दुसरीकडे गेलं की हात हळूहळू सैल पडायचा आणि बाळ निसटायला लागायचं. स्नायूंकडे हुकूम जातो तशी स्नायूंची खबरही मेंदूकडे परत येते, असं बेलनं १८२६ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. ही बाई त्याचा चालताबोलता पुरावा होती.

लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८३४ मध्ये वजनं घेऊन तेच दुसऱ्या अंगानं तपासलं. टेबलावर टेकवलेल्या तळव्यावर वजन ठेवलं तर फरक ओळखायला जड जातं. तेच उचलून पाहिलं तर १/४० इतका बारीक फरकही लक्षात येतो. भाजीवाल्यानं दिलेलं किलो हातावर तोलून पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण उचलताना नेमकं काय कळतं? यावर एकोणिसाव्या शतकात चांगलीच जुंपली. हेल्महोल्ट्झ आणि वुंट या जर्मन शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की आपण किती जोर लावायला सांगितला, त्या हुकुमाचीच जाणीव होते. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला हे अजिबात मान्य नव्हतं. जे कळतं ते मेंदूच्या बाहेरून, स्नायू-सांध्यांतून येतं, असा त्याचा आग्रह. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियातज्ज्ञानं स्नायूंना संवेदी तंतू (जाणीव मेंदूकडे नेणारे चेतातंतू) असतात हे दाखवून दिलं आणि १९०६ मध्ये या आंतरिक जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव चिकटवलं. तरीही पुढं कित्येक वर्षं हाताची स्थिती सांध्यांमधूनच कळते, स्नायूंचा त्यात फारसा हात नाही, अशीच समजूत चालत राहिली.

ती मोडली १९७२ मध्ये, ऑक्सफर्डला. गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी लोकांचे डोळे बांधले आणि दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्याला) यंत्रानं कंप दिला. त्या कोपराचा कोन जसा वाटतो तसा दुसऱ्या हातानं दाखवायचा, एवढंच काम. कंप दिलेला हात होता त्यापेक्षा जास्त सरळ झालाय असं लोकांना वाटलं आणि दुसरा हात तसाच सरळ होत गेला. कंपामुळे स्नायूतली संवेदकं ‘स्नायू ताणला गेला’ अशी खोटी खबर पाठवत होती. जेम्सची बाजू जिंकली म्हणावं, तर १९७४ मध्ये मॅक्लॉस्कीनंच सहकाऱ्यांसोबत उलट निकाल आणला. एका हाताला वजन धरून थकवलं आणि दुसऱ्या हाताला तितकंच वजन निवडायला सांगितलं, तर लोक जास्त वजन निवडतात. थकलेल्या स्नायूला तेवढ्याच वजनासाठी मोठा हुकूम लागतो आणि वजन त्या हुकुमावरून जोखलं जातं. माझ्या मते हा वाद कुणीच जिंकला नाही. हात कुठं आहे हे मुख्यतः खालून वर येणाऱ्या खबरीवरून कळतं. वजन जोखताना वरून खाली जाणारा हुकूमही मोजला जातो.

या प्रयोगांची एक गंमत अशी, की दोन्हीकडे दुसरा हात मोजपट्टी म्हणून वापरला. पण ती मोजपट्टी तरी स्वतंत्र आहे का? १९७९ मध्ये स्कॉट केल्सो आणि सहकाऱ्यांनी एका हाताला जवळचं, मोठं लक्ष्य दिलं आणि दुसऱ्याला लांबचं, लहान. सोप्या कामाचा हात आधी पोचायला हवा होता. तो रेंगाळला आणि दोन्ही जवळजवळ एकदमच पोचले. १९८२ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी वेटरचं कसब तपासलं. हातावरचं ओझं दुसऱ्यानं अचानक उचललं की हात वर उसळतो. तेच आपल्या दुसऱ्या हातानं उचललं तर तो जवळपास हलतही नाही, कारण उचलण्याआधीच स्नायू योग्य तेवढा सैल केलेला असतो. या हाताचं त्या हाताला कळतं, तेही आधीच.

मार्सेच्याच इव्ह गियारनं १९८७ मध्ये कार्बन पेपर वापरून आणखी मजेशीर गोष्ट दाखवली. कागदावर ओळीमागून ओळ लिहून पान भरलं, तरी खाली टेबलावर उमटलेले ठसे थोड्याशाच जागेत एकमेकांवर गर्दी करून बसलेले. लिहिणारा हात फारसा हलतच नव्हता. डावा हात कागद सरकवत होता. ‘डावा’ म्हणून आपण ज्याला हिणवतो, तो जागा ठरवतो आणि उजवा त्या जागेत बारीक काम करतो.

जोराच्या बाबतीत मात्र आपल्याच दोन हातांचा हिशेब जुळत नाही. २००३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी जोडीजोडीनं लोक बसवले: समोरच्यानं बोटावर जेवढा दाब दिला तेवढाच त्याला परत द्यायचा. दर पाळीला दाब सुमारे ३८ टक्क्यांनी वाढत गेला. ‘त्यानंच जास्त जोरात मारलं’ म्हणणारी भावंडं बहुतेक खोटं बोलत नसावीत. डाव्या बोटावर यंत्रानं दिलेला दाब उजव्या बोटानं त्याच बोटावर परत द्यायला सांगितल्यावरही लोक जास्तच दाबत. स्वतः दिलेला दाब मेंदू कमी धरतो. जॉयस्टिकनं यंत्रामार्फत दाब द्यायला लावलं की हिशेब बऱ्यापैकी जुळला.

पक्षाघाताच्या रुग्णाला डोळे मिटायला लावून फिजिओथेरपिस्ट आजही एक हात एका स्थितीत ठेवतात आणि ‘दुसरा तसाच करा’ म्हणतात. या तपासणीत ‘चांगला’ हात खरोखर चांगला आहे असं गृहीत धरलेलं असतं. पक्षाघातानंतर ‘चांगल्या’ बाजूच्या हालचालींतही सूक्ष्म दोष येऊ शकतात हे आता माहीत आहे. म्हणून हात चुकला तर चूक कोणत्या हाताची, हे या एका चाचणीवरून ठरवता येत नाही.