होम डिरेक्टरी

संगणकाच्या प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या फाइली आणि त्याच्या प्रोग्रॅमांच्या सेटिंग ठेवण्यासाठी नेमून दिलेली निर्देशिका. ‘गृहनिर्देशिका’ असा प्रतिशब्द करता येतो; बोलण्यात ‘होम फोल्डर’ हाच शब्द चालतो. ती कशासाठी वापरतात हे सर्वपरिचित असल्याने येथे मुख्यतः ती कोठे आहे हे निरनिराळ्या सॉफ्टवेअर लायब्ररी (प्रोग्रॅमांना वापरता येणारे तयार कोडचे संच) कशा ठरवतात, याचा विचार केला आहे. उदाहरणांसाठी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडचे नाव घेतले आहे. त्याचे कारण पुढे येईल.

बेल प्रयोगशाळेतील आरंभीच्या युनिक्स या कार्यप्रणालीत वापरकर्त्यांच्या निर्देशिका ‘/यूएसआर’ खाली असत. युनिक्सच्या जनकांपैकी एक, डेनिस रिची यांची निर्देशिका ‘/यूएसआर/डीएमआर’ होती. पहिली डिस्क भरली, प्रणालीच्या फाइली वापरकर्त्यांच्या डिस्कवर सांडल्या आणि वापरकर्त्यांना तिसऱ्या डिस्कवर ‘/होम’ येथे हलवावे लागले, अशी एक कथा बरीच सांगितली जाते. तिचा पूर्वार्ध ग्राह्य वाटतो. उत्तरार्ध मात्र कालक्रमात बसत नाही, कारण १९७९ च्या सातव्या आवृत्तीची पुस्तिकाही वापरकर्त्यांना ‘/यूएसआर’ खालीच दाखवते. ‘/होम’चा प्रसार १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, सिस्टिम फाइव्ह या युनिक्स-शाखेच्या चौथ्या रिलीजच्या सुमारास झाला असावा.

‘~’ या चिन्हाचा अर्थ ‘माझे होम’ असा का झाला, याबद्दलचे प्रचलित स्पष्टीकरण अधिक विश्वसनीय आहे. हा संकेत बिल जॉय यांच्या सी-शेल या आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅममधून रूढ झाला. त्या काळच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर ‘~’ आणि ‘होम’ एकाच कळीवर छापलेले होते. गंमत अशी की, त्या कळीवरचे ‘होम’ म्हणजे कर्सरचे पडद्याच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यातले घर. वापरकर्त्याच्या निर्देशिकेशी त्याचा काही संबंध नव्हता.

होमचा पत्ता युनिक्सवंशीय प्रणालींत दोन ठिकाणी मिळतो. एक दप्तरातली नोंद : खात्यांच्या ‘पासवर्ड’ फाइलीतील प्रत्येक ओळीत अपूर्णविरामाने (:) तोडलेले सात रकाने असतात, त्यांतील सहावा होमचा. दुसरी खिशातली चिठ्ठी : लॉगिनच्या वेळी त्याच नोंदीवरून भरले जाणारे ‘होम’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला सोबत मिळणारे एक नाव व त्याचे मूल्य. चिठ्ठी कोणालाही खोडून पुन्हा लिहिता येते, त्यामुळे दोहोंत तफावत पडली तर कोणते खरे मानायचे हा वादाचा मुद्दा आहे. पायथन ही भाषा आणि नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या पोटातील लिबयूव्ही ही लायब्ररी आधी चिठ्ठी पाहतात व ती नसेल तर दप्तर उघडतात. गो भाषेत १.१२ आवृत्तीत (२०१९) आलेले फंक्शन युनिक्सवर केवळ चिठ्ठीच पाहते. ती नसल्यास थेट त्रुटी परत करते. जीलिब ही सी भाषेतील लायब्ररी मात्र दीर्घकाळ चिठ्ठीकडे दुर्लक्ष करून दप्तरावर विसंबत असे. २.३६ आवृत्तीत (२०१३) तिने क्रम बदलला. इतर प्रोग्रॅमांशी सुसंगती राहावी आणि तात्पुरते होम देऊन चाचण्या घेता याव्यात, ही त्यामागील कारणे. चिठ्ठीला अग्रक्रम देणारा पक्षच आज प्रबळ आहे, आणि सामान्य प्रोग्रॅमपुरता तो योग्यही आहे. ‘सुडो’ या आज्ञेने अधिकार वाढवून चालवलेल्या प्रोग्रॅमांची गोष्ट वेगळी : अधिकार रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) पण चिठ्ठी जुन्या वापरकर्त्याची, अशा स्थितीत त्याच्या होममध्ये रूटच्या मालकीच्या फाइली तयार होतात आणि मग घरमालकालाच त्या बदलता येत नाहीत.

विंडोजमध्ये जागाच बदलत गेली. एनटी ४ मध्ये ‘विनएनटी\प्रोफाइल्स’, २००० व एक्सपीमध्ये ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’, व्हिस्टापासून ‘यूजर्स’. जुना मार्ग कोडमध्ये पक्का लिहिलेले प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून व्हिस्टाने जुन्या नावाचा एक दुवा मागे ठेवला. येथे ‘यूजरप्रोफाइल’ हे व्हेरिएबल प्रमाण. ‘होम’ विंडोज स्वतः ठरवत नाही, ते सिगविनसारखी युनिक्सकडून आणलेली साधने भरतात. ते पाहणाऱ्या लायब्ररीमुळे एकाच प्रोग्रॅमला दोन खिडक्यांत दोन होम दिसत. पायथनने ३.८ मध्ये विंडोजवर ‘होम’ पाहणे सोडले. रस्ट या भाषेने आपले फंक्शन २०१८ मध्ये याच कारणासाठी कालबाह्य ठरवले व १.८५ आवृत्तीत (२०२५) दुरुस्त केले. जावाची तऱ्हा आणखी निराळी : आठव्या आवृत्तीपूर्वी ती रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगांच्या कोशातून) डेस्कटॉपचा पत्ता काढून त्याच्या वरच्या निर्देशिकेला होम समजे. डेस्कटॉप नेटवर्कवर हलवला की होमही त्याच्यामागोमाग गेले.

मराठी वापरकर्त्याला जाचणारा प्रश्न नावाच्या लिपीचा. विंडोजवर स्थानिक खाते ‘कऱ्हाड’ या नावाने उघडल्यास होम ‘सी:\यूजर्स\कऱ्हाड’ होते. विंडोजच्या एएनएसआय कोडपेजांत (जुन्या, एकेका लिपीसाठीच्या अक्षरतक्त्यांत) देवनागरीसाठी एकही नाही; मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाचे सेटिंग) केवळ युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतावर चालते. म्हणून जुन्या, एकेरी बाइटच्या फंक्शनांनी पत्ता विचारणाऱ्या लायब्ररीला प्रत्येक अक्षराच्या जागी ‘?’ मिळते, आणि विंडोजवर फाइलीच्या नावात ‘?’ निषिद्ध असल्याने असा मार्ग उघडणे शक्यच नसते. पायथन २ मध्ये हा दोष होता. लिनक्सवर तो क्वचित भेटतो, कारण खाते उघडण्याच्या नेहमीच्या आज्ञा लॉगिननाव सहसा रोमन अक्षरांतच घेतात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म. ‘कऱ्हाड’मधील ऱ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जातो : ऱ हे स्वतंत्र अक्षर, र व नुक्ता अशी जोडी, किंवा साधा र, हलन्त आणि शून्यरुंदी जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात; यूटीएफ-८ या युनिकोड बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत मात्र पहिल्या प्रकाराने हे नाव १८ बाइटचे, उरलेल्या दोन्हींनी २१ बाइटचे होते. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या दृष्टीने सममूल्य आहेत, तिसरा नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली पहिला प्रकार मोडून दुसऱ्यात साठवत असे. त्यामुळे होमचा मार्ग बाइटशः ताडून पाहणारी लायब्ररी त्याच फोल्डरला परका ठरवू शके. ‘सातारा’ किंवा ‘सांगली’ या नावांना ही बाधा नाही.

मॅकवर होम ‘/यूजर्स’ खाली असते. तेथील सँडबॉक्समधील (मर्यादित कुंपणात चालवलेल्या) ॲपला आणि आयफोनवरील सर्व ॲपना विचारणा केल्यावर वापरकर्त्याचे नव्हे, तर ॲपच्या स्वतःच्या कंटेनरचे (त्याला नेमून दिलेल्या बंदिस्त जागेचे) ठिकाण मिळते. लिनक्सवरील कंटेनरमध्ये (उरलेल्या प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) दप्तरात नोंदच नसलेल्या वापरकर्ता-क्रमांकाने प्रोग्रॅम चालवल्यास होम पुष्कळदा ‘/’ निघते, व तेथे लिहिण्याची परवानगी सहसा नसते.